बाबल तांडेलाने न पाहिलेला नकाशा

बाबल गेल्याचं मला पाववाल्याने सांगितलं. रोज तो भोंगा वाजवत येतो आणि मी टोपली घेऊन फाटकाशी जाईपर्यंत भोंग्यावरचा हात काढत नाही, म्हणून मी रोज त्याच्यावर डाफरते. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. बाहेर बघते तर सायकल धरून गुपचूप उभा. "टीचर, तांडेल गेले," म्हणाला. कोणता तांडेल हे विचारायची गरज नव्हती. आमच्या वाडीत तांडेल, म्हणजे मासेमारीचा म्होरक्या, एकच, बाबल. आता तो कुणाचाच तांडेल राहिला नव्हता ही गोष्ट निराळी... पण पाववाल्याने त्याला तांडेल म्हटलं, आणि एवढ्यासाठी मी त्याला भोंग्याची सगळी पापं माफ केली. मी चपला घालून तशीच निघाले, पाव घ्यायचे राहूनच गेले.

मी फिलोमिना. बाबलची आणि माझी ओळख वाडीतल्या मराठी शाळेतली. पुढे मी सावंतवाडीत मुलांना भूगोल शिकवला, त्याने समुद्र केला. निवृत्त होऊन मी आईवडिलांच्या घरात परत आले तेव्हा सगळी वाडी मला टीचर म्हणायला लागली. बाबल आणि त्याची बायको सुशीला, एवढेच मला फिलू म्हणणारे उरले होते. आता त्यातली अर्धी माणसं गेली असं म्हणायचं. मी तिरसट आहे हे या पुरवणीच्या संपादकांनाही ठाऊक आहे, तेव्हा या लेखात फुलं वाहिलेली दिसली नाहीत तर वाचकांनी मनावर घेऊ नये. मला बाबलचा राग येतो, अजून येतो. मेलेल्या माणसावर रागावता येतं की नाही मला माहीत नाही, मी रागावलेली आहे.

बाराव्याच्या आधी त्याच्या मुलाने, महेशने, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्याची पत्रिका पाठवली. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा मुलगा, त्याने ती नीट टाइप करून, वडिलांचा फोटो घालून, पीडीएफ करून पाठवली. मी त्यावर टिचकी मारली. एक रेघ पुढे सरकली, फाइल उतरली असं फोन म्हणाला, आणि पुढे काही नाही. पुन्हा मारली, पुन्हा तेच. ग्रुपवर बघते तर खाली सगळ्यांचे जोडलेले हात. कुणीही ती उघडलेली नव्हती, हात मात्र प्रत्येकाने जोडले होते. दुसऱ्या दिवसापासून माणसं सुशीलाच्या दारात, "बारावा कधी गो? कितक्या वाजता?" मला त्या दिवशी आधी हसू आलं. मग जे आलं ते बराच वेळ थांबलं नाही. कारण बाबलचं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीने खाल्लं, तीच गोष्ट त्याच्या बाराव्याच्या पत्रिकेपर्यंत मागोमाग आली होती.

ते सांगायचं तर आधी रापण सांगायला हवी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाडीतला असो, पाहुणा असो, नवरा गेलेली बाई असो. ट्रॉलर आले, पर्ससीनची मोठी यांत्रिक जाळी आली, तरी आमच्या वाडीची रापण चालू होती ती या हातांच्या हिशेबावर. आणि रापणीत वाद नसतो. जाळं कधी सोडायचं, कुठे सोडायचं, आज समुद्रात जायचंच की नाही, हे तांडेल सांगतो. त्याने "होय" म्हटलं की होय. त्याला कुणी कारण विचारत नाही, आणि तोही देत नाही. मासळी नाही मिळाली तर त्या दिवशी मासळी नाही, तांडेल चुकला असं कुणी म्हणत नाही. ही पद्धत चांगली की वाईट हे मला आजही ठरवता येत नाही. इतकी माणसं एका दोराला एकाच वेळी हात घालतात तेव्हा कुणाचा तरी शब्द शेवटचा असावाच लागत असेल.

बाबल असा शेवटचा शब्द असलेला माणूस होता. उंच, काळा, मोठ्या आवाजाचा, आणि लहानपणापासून मानी. शाळेत त्याला पाढे येत नसत तेव्हा तो "येतत, पण सांगणार नाय" असं मास्तरांना तोंडावर सांगत असे. मार खाई, पण येत नाहीत हे कबूल करत नसे. आम्ही पोरं त्याच्यावर खूश असायचो. आज ते आठवलं की खूश होता येत नाही, कारण पुढे तो नेमकं हेच बोलला, फक्त तेव्हा समोर मास्तर नव्हते, सगळी रापण होती.

झालं असं की किनाऱ्याचा नवा आराखडा निघाला. कुठे बांधकाम चालेल, कुठे पर्यटनाची सोय होईल, कुठे मासेमारीची जागा, हे सगळं नकाशावर रंगवून सरकारी संकेतस्थळावर घातलेलं होतं. कुणाची हरकत असेल तर ठरलेल्या मुदतीत लेखी द्यावी अशी सूचनाही होती. कुणीतरी त्या नकाशाची लिंक रापणीच्या ग्रुपवर टाकली. मी तेव्हा सावंतवाडीत नोकरीत होते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाडीत सगळ्यांकडे फोन आहेत. घरात संगणक कुणाकडेच नाही. प्रत्येकाने लिंकवर बोट दाबलं असेल. फोनवर इंटरनेट बघायचं जे ॲप असतं, ज्याला ब्राउझर म्हणतात, ते पान दाखवतं, बातमी दाखवतं, सिनेमा दाखवतं, पण पीडीएफ आली की हात वर करतं. फाइल उतरवून घेतं आणि म्हणतं, आता ही उघडायला दुसरं ॲप आणा. ते दुसरं ॲप कुणाच्याच फोनात नव्हतं, कुणी जागा करायला कधीतरी पुसून टाकलेलं, कुणाला ते काय हेच ठाऊक नाही. मग रापणीतल्या माणसांनी केलं ते रापणीतल्याच माणसांनी करावं असं. आपल्याला उघडता येत नाही हे कुणी कुणाला बोललं नाही. तांडेल बघेल म्हणून सगळे निश्चिंत राहिले.

संध्याकाळी जाळी सुकत घातलेल्या मांगराशी, जाळी ठेवायच्या खोपीशी, कुणीतरी त्याला विचारलंच, "तांडेला, नकाशो बघलंस?"

"बघलंय."

"आपली जागा?"

"आसा थयच आसा. कायेक नाय तेच्यात."

एवढंच. विषय संपला. मला हे सगळं पुढे सुशीलाने सांगितलं, आणि बाबलनेही सांगितलं, दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता. त्याने नकाशा बघितलेला नव्हता. त्याच्या फोनात तो उघडत नव्हता. उद्या बाजारात जाऊन कुणाकडून तरी बघून घेऊ, असं त्याच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी तो मालवणात गेला, तर संगणकाच्या दुकानाबाहेर कॉलेजच्या पोरांची रांग. तिथे उभं राहून "माका ही फाइल उघडून दी" म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. परत आला. मग लिंकवर पुन्हा बोट दाबून बघितलं. रोज दाबत राहिला. आणि रोज फोन तीच फाइल पुन्हा उतरवून घेत राहिला, आदल्या दिवशीच्या फाइलशेजारी आणखी एक, तिच्याशेजारी आणखी एक. तो नकाशा चांगला जड होता. शेवटी त्याने धीर करून शेजारच्या पोरीला विचारलं, ती म्हणाली काका, एक ॲप घाला. घालायला गेला तर फोन म्हणाला, जागा नाही. जागा होती कुठे? सगळी त्या नकाशानेच भरलेली. जो नकाशा त्याला एकदाही दिसला नाही, तो त्याच्या खिशात ढिगाने होता... एवढ्यात मुदत टळली.

महेशला विचारायची बाप म्हणून लाज वाटली असेल, पण मला विचारलं असतं. मी सावंतवाडीत होते, एक फोन केला असता. भूगोल शिकवणाऱ्या बाईला नकाशा बघायला सांगायला कसली लाज? हे मी त्याला पुढे कितीदा विचारलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं. "तुका इचारूक गेलंय असतंय तर तू हसला असतंस." आणि मला खोटं बोलता येत नाही, मी हसलेच असते. पण हसून उघडून दिला असता की नाही, मेल्या? 

पावसाळा संपून जाळी पुन्हा किनाऱ्यावर आली तेव्हा किनाऱ्यावर खुंट मारलेले होते. रापण ओढायला साफ, खडक नसलेली, लांब पुळण, वाळूचा किनारा, लागते, तशी आमच्या वाडीला एकच आहे. नेमकी तिथेच तार लागली. पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का आणि गाड्या लावायची जागा. रापणकर सगळे मालवणच्या कार्यालयात गेले, पुढे बाबल. तिथला साहेब सभ्य होता, त्याने सगळ्यांना बसायला खुर्च्या मागवल्या. बाबल कार्यालयात गेला की शुद्ध मराठी बोलायला जायचा आणि दर वाक्याला अडखळायचा. "साहेब, आमची जागा... आम्हांला कोणी सांगितला नाय." साहेबाने शांतपणे उत्तर दिलं, "नकाशा संकेतस्थळावर प्रसिद्ध केला होता. बघायला कुणाला मनाई नव्हती. तुमच्या वाडीतून एकही हरकत आलेली नाही." यात खोटं काहीच नव्हतं. मग रापणीतल्याच एकाने, भांडायच्या आवेशात, सांगून टाकलं, "आमच्या तांडेलान बघललो नकाशो. तेच्यात तसा काय नव्हता." साहेबाने बाबलकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

तो तिथेच बोलला, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. बाहेर येऊन, घरी जाऊन, मागाहून नाही. त्या खुर्चीवर बसून म्हणाला, "मी बघूक नाय. माका उघडूक नाय. मी खोटा बोललंय." पुढे कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून गेले असते, तर पुढच्या आठवड्यात विसरून एकत्र चहा प्यायले असते. आमची माणसं तशीच आहेत. पण कुणीच काही बोललं नाही. एकेक उठले, बस पकडून परत आले. त्या दिवसानंतर रापणीत त्याला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या वाडीच्या पुळणीवर, त्यांची मेहेरबानी घेऊन, ते थोडे दिवस जाळं टाकत होते. बाबल जायचा, दोर ओढायचा, वाटाही मिळायचा. पण जाळं सोडायचा शब्द दुसऱ्या कुणीतरी दिलेला असायचा. मग तेही थांबलं. आता ते जाळं मांगरात गुंडाळून पडलंय आणि ज्यांचे हात दोराला असायचे त्यातले बरेच जण त्याच किनाऱ्यावर पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून देतात.

यानंतर मी निवृत्त होऊन परत आले, आणि मला जो बाबल भेटला तो एकाच गोष्टीवर बोलणारा होता. महेशकडून त्याला कळलं होतं की संगणकावरचा ब्राउझर पीडीएफ स्वतःच्या पोटातच उघडतो, वेगळं काही घालावं लागत नाही. फोनवरचा मात्र उघडत नाही. हे ऐकल्यापासून त्याला झोप नव्हती. "मोठ्या लोकांच्या काँप्युटरात उघडता आणि माझ्या फोनात उघडना नाय, ह्या कित्याक?" हा प्रश्न तो मला, महेशला, देवळातल्या गुरवाला, आमच्या चर्चच्या फादरला, सगळ्यांना विचारायचा. ब्राउझरमध्ये एक कोपरा असतो, तुमचं मत कळवा म्हणून. तिथे तो फोनशी बोलून बोलून मालवणीत मजकूर पाठवायचा. फोन त्याची मालवणी ऐकून काय वाटेल ते लिहायचा आणि तो तसंच पाठवून द्यायचा. उत्तर अर्थात कधी आलं नाही.

महेश गणपतीला आला की बापलेकांची जुंपायची. मला मान्य केलं पाहिजे की महेशचं बोलणं पटण्यासारखं असायचं. तो सांगायचा, "बाबा, ब्राउझर हलका ठेवायचा असतो. स्वस्तातल्या फोनवर आधीच जागा नसते, तिथे प्रत्येकाच्या गळ्यात आणखी एक गोष्ट कशाला मारायची? आणि पीडीएफमधून व्हायरस येऊ शकतो, तो उघडायचं काम वेगळ्या ॲपने केलेलं बरं. ज्याला हवं त्याने आपल्या आवडीचं घालावं. एक मिनिटाचं काम."

"तुझा एक मिनिट," बाबल म्हणायचा. "होडी घेतली आणि वल्ला वेगळा घेवचा लागला, तर ती होडी कसली रे?"

"वल्ही सगळ्यांना एकाच मापाची नको असतात बाबा."

"पण एक तरी व्हया मा होडयेत? मगे ज्येका चांगला व्हया तो घेतलो दुसरा."

मी सुरुवातीला महेशच्या बाजूने होते. एक ॲप घालण्याचा केवढा तो बाऊ, असं मला वाटायचं. पण मग मी आजूबाजूला बघायला लागले. शेजारणीचा रक्ताचा रिपोर्ट, पीडीएफ. नातवाचं परीक्षेचं हॉल तिकीट, पीडीएफ. बँक बोलते पीडीएफमध्ये, वीजमंडळ पीडीएफमध्ये, पंचायत पीडीएफमध्ये. पीडीएफ म्हणजे दुसरं काय, फोनात आलेला कागदच. माणसाच्या हातात कागद दिला तर त्याला वाचता येत नसेल, समजत नसेल, पण निदान तो कागद उघडा तरी असतो. दुसऱ्याला दाखवता येतो. इथे कागद घडी घालून हातात देतात आणि घडी उघडायचं तुमचं तुम्ही बघा म्हणतात. आणि ज्यांना घडी उघडता येत नाही त्यांना तसं सांगायची लाज वाटते, हे या ॲपवाल्यांच्या हिशेबात कुठे धरलेलं असतं? शहरातल्या माणसाला फाइल उघडली नाही की तो फोनला शिव्या घालतो. आमच्याकडची माणसं स्वतःला घालतात. महेशला मी हे एकदा सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, पटतं मला. पण ठरवणारा मी नाही." त्याचंही खरंच होतं. ठरवणारा कोण हे कुणालाच माहीत नाही, आणि जो कोण आहे त्याला आमची पुळण माहीत नाही.

एवढं असूनही या वादात बाबलचं मन रमायचं असं समजू नका. त्याला त्यातून काही मिळत नव्हतं. फोनवाल्यांची चूक आहे असं सिद्ध झालं तरी त्याची सुटका होणार नव्हती, हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. शेवटची भेट झाली तेव्हा तो अंगणातल्या खळ्यात खाटेवर पडून होता. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलेलं, चालायचं नाही, मीठ खायचं नाही. मासळीशिवाय आणि मिठाशिवाय जगायचं तर कशाला जगायचं असं त्याचं म्हणणं. मी पेज घेऊन गेले होते, ती त्याने बाजूला ठेवली. समुद्राच्या दिशेने बघत होता. तिथून समुद्र दिसत नाही, मध्ये नवीन हॉटेलची भिंत आलीये. मग म्हणाला,

"फिलू, खरा सांग. तेव्हा नकाशो उघडलो असतो तर माका खोटा बोलूचा लागला असता काय?"

"नाही," मी म्हटलं. "कशाला लागलं असतं? बघून सांगितलं असतंस."

"म्हणजे फोनाची चूक."

"फोनाची."

"नाय गो." त्याने मान हलवली. "फोन उघडूक नाय ता खरा. पण उघडूक नाय म्हणान सांगूक तोंड हुता मा माका? ता तर उघाडच हुता."

मी पेजेचं भांडं पुन्हा त्याच्याजवळ सरकवलं.  मग तो हळूच, नेहमीच्या प्रश्नासारखा म्हणाला, "पण उघडूक व्हयो हुतो." आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मी पेजेचं भांडं झाकून ठेवून आले. त्यानंतर मी त्याला बघितलं ते पाववाल्याने सांगितल्यावरच.

त्याच्या प्रेताला कोण कोण खांदा देईल याची मला धास्ती होती. सगळे आले. ज्यांनी कार्यालयातून उठून येताना एक शब्द काढला नव्हता तेही आले, एकेक करून तिरडीखाली शिरले. काहींचे डोळे ओले होते. पण बोललं तेव्हाही कुणी नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, माफ केलंत तर तसं त्याच्या कानावर घालायचं होतं, आता या खांद्यांचा त्याला काय उपयोग. नाही ओरडले. आपल्याकडे बायकांनी, त्यातून दुसऱ्या धर्माच्या, अशा वेळी ओरडायचं नसतं. माझ्या मनात ते अजून तसंच राहिलंय, म्हणून इथे लिहिते आहे.

बारावं झाल्यावर महेश पुण्याला गेला. आईला चल म्हणाला, ती गेली नाही. आता मी दिवसाआड तिच्याकडे बसायला जाते. परवा गेले तर बाबलचा फोन कपाटावर चार्जिंगला लावलेला. म्हटलं, हा कुणी वापरतं का? "कोण वापरतलो," सुशीला म्हणाली, "पण तो बंद पडलो तर माका बरा वाटणा नाय." बाबल गेल्यापासून ती रोज सकाळी तो फोन चार्जिंगला लावते. महेशने जाताना आईसाठी त्यात वर्षाचं रिचार्ज मारून ठेवलं होतं, त्यामुळे इंटरनेट चालू होतं, आणि त्याने आतल्या जुन्या फाइली पुसून जागाही केली होती. मी फोन हातात घेतला. मुद्दाम काही करायचं नव्हतं. रापणीचा ग्रुप उघडून मागे मागे जात राहिले. गुड मॉर्निंग, वाढदिवस, कुणाच्या लग्नाचे फोटो, आणि खूप खाली ती लिंक. सवयीने बोट लागलं.

फाइल उतरली नाही. रेघ सरकली नाही, दुसरं ॲप आणा म्हणून फोनने सांगितलं नाही. पांढरं पान आलं, क्षणभर गोल फिरलं, आणि ब्राउझरच्या पोटातच, बातमीचं पान उघडावं तसा, नकाशा समोर आला. मधल्या काळात कुठेतरी, कुणीतरी, न सांगता, ते करून टाकलेलं होतं. बाबलने मागितलं म्हणून नाही. आपसूक. फोन चार्जिंगला पडल्या पडल्या स्वतःच सुधारला होता.

मी खाटेवर बसले. माझं तोंड बघून सुशीला जवळ आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. तिने आयुष्यात नकाशा हातात धरलेला नाही. शाळेत फार गेली नाही, अक्षरं लावून वाचते. मी तिला काही सांगितलं नाही. तिने स्वतःच बोट ठेवलं.

"ह्यो आमचो व्हाळ," म्हणाली. "ह्या तेचा तोंड. आणि ही खडपां, कालवांची..." बोट सरकत सरकत पुढे गेलं आणि थांबलं. "हय पिवळा कित्याक केलानी? ही तर आमची रापणीची पुळण."

"हो."

"ह्याच बघूचा हुता?"

"हो. एवढंच."

 मला वाटलं रडेल. रडली नाही. पदराने फोनची काच पुसली, पुन्हा एकदा पिवळ्या पट्ट्याकडे बघितलं, आणि चार्जरची वायर लावून तो जिथल्या तिथे कपाटावर ठेवला.

"म्हणजे आता उघडता," ती म्हणाली. "तेंका कोण सांगतलो?"